ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय : डिझेल गळती आणि लाइनमधली हवा, कामाच्या नोंदी

गाडी : स्कोडा ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय, २००४. इंजिन १८९६ सीसी, ९० पीएस. बॉशचा व्हीपी३७ रोटरी पंप, टायमिंग बेल्टवर चालणारा. टाकीत वेगळा इंधन पंप नाही.

तक्रारी : रात्रभर उभी राहिली की सकाळी सात-आठ सेकंद सेल्फ मारावा लागतो. एकदा सुरू झाली की दिवसभर चटकन घेते. पंपाखाली ओल, अल्टरनेटर डिझेलने माखलेला, केबिनमध्ये वास. टाकी भरून घेतली की मागच्या सीटवर वास जास्त.

मालकाला दोन सल्ले आधीच मिळालेले होते : हीटर प्लग (थंडीत सिलिंडर तापवणारे) बदला, किंवा अख्खा पंप ओव्हरहॉल करा. दोन्ही बाजूला ठेवून आधी तपासणी करायची ठरली.

९ नोव्हेंबर २०२४ : पहिली पाहणी

हीटर प्लगचा मुद्दा लगेच निकालात निघाला. हे थेट इंजेक्शनचं इंजिन आहे. कूलंट साधारण ९ अंशांच्या वर असेल तर कंट्रोल युनिट प्लगना करंटच देत नाही. छत्रपती संभाजीनगरला थंडीतही सकाळी इंजिन क्वचितच त्याच्या खाली जातं. जुन्या प्री-चेंबर डिझेलना प्लग रोज लागायचे, त्या सवयीने आजही पहिला संशय त्यांच्यावर जातो. इथे चारही प्लग मेले असते तरी महाराष्ट्रातल्या हवेत गाडी सुरू झाली असती.

आता डिझेलचा रस्ता. टाकीतून प्लास्टिकच्या लाइनने फिल्टर, फिल्टरवरून पंप, पंपातून चार स्टीलच्या पाइपांनी इंजेक्टर. इंजेक्टरवरचं उरलेलं डिझेल बारीक रिटर्न नळ्यांनी पंपाच्या रिटर्न बोल्टपाशी येतं आणि तिथून फिल्टरवरच्या प्लास्टिकच्या टी-मधून टाकीत जातं. खेचण्याचं काम पंपाच्या पोटातला व्हेन पंप करतो. म्हणून इंजिन चालू असताना टाकी ते पंप हा भाग ओढीखाली असतो. तिथे भोक पडलं तर थेंब बाहेर पडत नाही, हवा आत जाते. पंपाच्या पुढे सगळीकडे दाब, तिथे भोक पडलं की डिझेल बाहेर.

गाडी बंद झाली की चित्र बदलतं. पंप टाकीपेक्षा उंचावर आहे, त्यामुळे लाइनमधलं डिझेल खाली टाकीकडे सरकायला बघतं. वर कुठेही हवेला वाट मिळाली की ते सरकतं. म्हणजे पंपाच्या बॉडीचं जे सील चालू असताना डिझेल बाहेर टाकतं, तेच रात्री हवा आत घेतं. सकाळचा लांब सेल्फ आणि पंपाखालची ओल या दोन तक्रारी कधी एकाच सीलच्या असतात, कधी अगदी वेगळ्या. कोणत्या, हे चाचणीशिवाय कळत नाही आणि पंप काढायची घाई इथेच महागात जाते.

उघडण्याआधी व्हीसीडीएस (लॅपटॉपवरून गाडीचं कंट्रोल युनिट वाचणारं सॉफ्टवेअर) लावून गरम इंजिनाचं आयडल इंजेक्शन प्रमाण लिहून ठेवलं : ४.२ मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक, आयडल ९०३ आरपीएम. त्यातल्या आकड्यांच्या ग्रुप ००१ मध्ये हे दिसतं. मान्य पट्टा २.२ ते ९.०, चांगला पंप साधारण ३ ते ५ मध्ये असतो. पंपाला हात लावायच्या आधीचा हा आकडा नसेल तर नंतर काय बिघडलं ते सांगता येत नाही.

१० नोव्हेंबर : धुणं, वाळवणं, पावडर

गाडी पूर्ण थंड. अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधली. पंप, पाइप आणि इंजेक्टरभोवतीचा चिकट थर ब्रेक क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने काढला, कॉम्प्रेसरच्या हवेने कोपरे वाळवले. प्रेशर वॉशर वापरला नाही, पंपाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की नवीनच आजार सुरू होतो.

भारतीय मानकात डिझेलचा किमान फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेट घेते) ३५ अंश धरलेला आहे. बोनेटखाली एवढी उष्णता सहज असते. डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही म्हणून शेजारी विडी-सिगारेट चालते, हा समज सोडून द्यावा. अग्निशामक हाताशी ठेवला होता.

वाळलेल्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरवली. दहा मिनिटं आयडल, मग दोन-तीन वेळा २५०० आरपीएमपर्यंत. पावडर जिथे करडी पडते तिथे डिझेल. वाचताना कायम सर्वांत वरची ओली जागा धरायची. डिझेल पातळ आहे, पृष्ठभागावरून रांगत खाली येतं. खालच्या थेंबाच्या मागे लागलं की चुकीचा भाग बदलला जातो.

जे दिसलं ते असं :

दुसऱ्या इंजेक्टरच्या रिटर्न निपलभोवती ओलं कडं. नळीचं कापडी आवरण भिजलेलं, टोक बोटाने दाबलं तर खडखडीत. शेवटच्या इंजेक्टरवरची बंद टोपीही ओली.

पंपाची बॉडी आणि मागचं हेड (जिथून इंजेक्टर पाइप निघतात तो भाग) यांच्या सांध्यात खालच्या बाजूला रेघ. हाच थेंब ब्रॅकेटवरून अल्टरनेटरवर पडतो.

तिसऱ्या इंजेक्टरच्या पाइपचा नट, पंपाच्या टोकाला, किंचित ओलसर.

वरचं झाकण आणि त्याखालच्या क्वांटिटी ॲडजस्टरचा (इंजेक्शनचं प्रमाण ठरवणाऱ्या भागाचा) सांधा कोरडा. टायमिंग बेल्टचं वरचं कव्हर उतरवून आत बघितलं, बेल्ट कोरडा, वासही नाही. ही मोठी सुटका. पुढचं शाफ्ट सील गळत असतं तर डिझेल बेल्टवर गेलं असतं आणि बेल्ट तुटला की या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

एक गोष्ट ठळक लिहितो. चालू इंजिनात इंजेक्टर पाइपांची गळती बोटाने चाचपायची नाही. तिथे शेकडो बार दाब असतो. डोळ्याला न दिसणारी फवार कातडीच्या आत डिझेल घुसवते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट शल्यचिकित्सकाकडे जायचं. शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा, ओला ठिपका पुठ्ठ्यावर उमटतो.

१६ नोव्हेंबर : हवा कुठून येते

बाहेर पडणारं डिझेल सापडलं. आता आत जाणारी हवा.

पंपाच्या इनलेटला जाणारी मूळ नळी पारदर्शक असते, पण वीस वर्षांत पिवळी पडून आतलं काही दिसत नव्हतं. तिच्या जागी नवी पारदर्शक नळी, रिटर्नलाही एक तुकडा. गॅरेजमध्ये यासाठी सलाइनची नळी सर्रास वापरतात. चाचणीपुरती ठीक, पण ती गाडीत कायमची ठेवू नये. डिझेलमध्ये ती काही आठवड्यांत कडक होते आणि क्लॅम्पखाली चिरते.

रात्रभर उभी ठेवून सकाळी बोनेट उघडलं : इनलेट नळीत चार सेंटीमीटर हवा. सुरू केल्यावर आयडलला बारीक बुडबुड्यांची सलग माळ. एखाददुसरा बुडबुडा अधूनमधून दिसणं या गाड्यांत चालतं. सलग माळ चालत नाही.

शोध अर्ध्या-अर्ध्याने घेतला.

पहिली चाचणी : पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल, कॅन जमिनीवर. पंपाचं इनलेट आणि रिटर्न दोन्ही थेट कॅनमध्ये, फिल्टर आणि टाकी बाहेर. कॅन मुद्दाम खाली ठेवला. वर टांगला असता तर डिझेल आपल्या वजनाने पंपात उतरलं असतं आणि ओढीखालची गळती झाकली गेली असती. निकाल : सुरुवातीची हवा निघून गेल्यावर इनलेट आणि रिटर्न दोन्ही स्वच्छ. म्हणजे इंजिन चालू असताना पंप स्वतः हवा घेत नाही.

दुसरी चाचणी : कॅन ते फिल्टर ते पंप. फिल्टर जोडताच इनलेटमध्ये बुडबुडे परत. टाकीकडची लाइन अजून जोडलेलीच नव्हती.

म्हणजे हवा फिल्टर किंवा त्यावरची टी यातून येते. ही टी म्हणजे तापमानावर चालणारा व्हॉल्व्ह. रिटर्नचं डिझेल साधारण १५ अंशांखाली असेल तर ते परत फिल्टरमध्ये सोडायचं, ३१ अंशांच्या वर टाकीकडे, म्हणजे युरोपातल्या हिवाळ्यात डिझेलमधलं मेण फिल्टरमध्ये जमत नाही. आपल्याकडे या सोयीचा उपयोग जवळपास नाही, पण तिच्या तळाच्या दोन ओ-रिंग मात्र आपल्याकडेही खराब होतात. क्लिप ओढून टी उचलली. दोन्ही रिंगा चपट्या, नखाने दाबल्या तर खूणही उमटत नाही.

१७ नोव्हेंबर : रबर का मेलं

रिंगा मिळेपर्यंत हा भाग लिहून ठेवतो, कारण पुढचं सामान यावरच ठरतं.

त्या काळच्या पंपांत आणि लाइनमध्ये नायट्रिल रबराची सीलं आहेत. जास्त गंधकाच्या जुन्या डिझेलमध्ये ॲरोमॅटिक घटकही जास्त असत, त्यांनी नायट्रिल थोडं फुगतं. फुगलेलं सील खाचेत घट्ट बसतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत हे घटकही कमी होतात. नवं डिझेल आलं की जुनं फुगलेलं रबर आकसतं. कोवळं सील आकसूनही लवचिक राहतं, पंधरा-वीस वर्षं दाबाखाली चपटं झालेलं सील जागा सोडतं. आपल्याकडे भारत स्टेज ३ च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ३५० पीपीएम होती. एप्रिल २०१७ पासून देशभर स्टेज ४ म्हणजे ५० पीपीएम, आणि १ एप्रिल २०२० पासून स्टेज ६ म्हणजे १० पीपीएम. बरीच वर्षं कोरडे राहिलेले पंप त्यानंतर गळायला लागले, त्यामागे हे एक खरं कारण आहे. डिझेल वाईट झालेलं नाही, सील त्याच्या जोडीचं नाही.

म्हणून नवीन सीलं व्हिटॉनची, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या फ्लुओरो रबराचीच. दुकानात हिरवी किंवा तपकिरी रिंग दाखवून व्हिटॉन म्हणतात, रंगावरून काही सिद्ध होत नाही. घनता मात्र खोटं बोलत नाही : व्हिटॉन १.८ च्या आसपास, नायट्रिल त्यापेक्षा बरंच हलकं. एकाच मापाच्या दोन रिंगा सोनाराच्या काट्यावर ठेवल्या की व्हिटॉनची साधारण दीडपट भरते. पंपाचं पूर्ण सील किट नावाजलेल्या पंपवाल्याकडून घ्यावं. सुट्या पेटीतल्या मापाला मिळत्याजुळत्या रिंगा पंपाच्या हेडला वापरू नयेत, जाडीतला दहाव्या मिलिमीटरचा फरकही तिथे पुरेसा होतो.

एम-सील, साबण, टेफ्लॉन टेप यांनी गळती थांबवण्याची पद्धत आहे. टाकीला रस्त्यात दगड लागला तर घरी पोचेपर्यंत साबण समजू शकतो. टेफ्लॉन टेप मात्र इंधनाच्या कोणत्याही सांध्याला नको. हे सांधे आट्यांवर बंद होत नाहीत, वॉशर किंवा शंकूच्या बैठकीवर होतात. टेपचा उपयोग शून्य, आणि तुटलेला धागा पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

२३ नोव्हेंबर : फिल्टर, टी, रिटर्न नळ्या

नवा फिल्टर, टीच्या दोन्ही रिंगा नव्या, डिझेलचं बोट लावून. फिल्टर बसवण्याआधी स्वच्छ डिझेलने काठोकाठ भरला. जुन्या फिल्टरच्या तळाचं काचेच्या बाटलीत काढून बघितलं : थोडं पाणी आणि तांबूस गाळ. नळ्यांचे क्लॅम्प फिरकी पट्टीचे होते, त्यांच्या दात्यांनी रबर कापलं होतं. कडा वळलेले, गोल आवळणारे इंधनाचे क्लॅम्प लावले.

रिटर्न नळी : आतून ३.२ मिमी, कापडी वेणीची, एक मीटर पुरते. क्लॅम्प लागत नाही, मापातच घट्ट बसते. जुनी नळी पकडीने आडवी पिळून काढू नये, इंजेक्टरचं निपल मोडलं तर इंजेक्टर गेला. ब्लेडने लांबीत हलकी चीर द्यायची, निपलच्या धातूला धार लागू न देता, आणि सोलून काढायची. तिसऱ्या इंजेक्टरला सुईची उचल मोजणारा सेन्सर आहे, त्याची वायर इथेच लोंबते. ती आधी बाजूला बांधली.

चारही तुकडे आणि शेवटची टोपी एकदम बदलली. एकच गळणारा तुकडा बदलला तर बाकीचे त्याच वयाचे आहेत, महिनाभरात दुसरा गळतो.

तिसऱ्या पाइपचा नट १७ चा. आधी आणखी आवळला नाही. सैल केला, शंकू बघितला, स्वच्छ डिझेलने धुतला, परत २५ न्यूटन मीटरवर आवळला, फाट्याचा पाना टॉर्क रेंचला काटकोनात लावून. थेंब दिसला की नट आवळत जाणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. शंकू एकदा चेपला की तो पाइप कुठल्याच टॉर्कला बंद होत नाही. पाइपांमधल्या प्लास्टिकच्या पकडी तुटल्या होत्या, नव्या घातल्या. पकड नसलेला पाइप कंपनांनी नटाच्या मुळाशी तडकतो.

याच दिवशी मागची सीट उचलून टाकीच्या सेंडरचं (डिझेलची पातळी मोजणाऱ्या भागाचं) झाकण उघडलं. काळी नळी सप्लायची, निळी रिटर्नची. दोन्ही ठीक. प्लास्टिकच्या मोठ्या चुडीखालचं (आट्यांच्या रिंगेखालचं) सील चपटं, भोवती धुळीचं ओलसर चिखलवजा कडं. टाकी भरल्यावरचा वास इथला. नवं सील, चुडी मूळ खुणेवर. चुडी छिन्नी-हातोडीने ठोकू नये, लाकडी ठोकळ्याने हळूहळू फिरवावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी : चालू असताना बुडबुड्यांची माळ गेली. मात्र उभ्या गाडीत सेंटीमीटरभर हवा अजून येते. उरलेला मार्ग पंपाच्या हेडचा.

३० नोव्हेंबर : पंपाच्या हेडची ओ-रिंग

पंप गाडीवर ठेवूनच हे काम होतं आणि टायमिंगला (डिझेल उडवण्याच्या वेळेला) हात लागत नाही. पण या कामात एक जागा अशी आहे जिथे चुकलं तर पंप जातो, म्हणून क्रम सविस्तर.

एक. परत पूर्ण धुलाई. सांध्याभोवती वाळूचा कणही नको. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली.

दोन. चारही इंजेक्टर पाइप एकत्र, पकडींसकट उतरवले. पंपाच्या आणि इंजेक्टरच्या तोंडांना लगेच टोप्या. चिंधी कोंबायची नाही, तिचा धागा आत जातो.

तीन. मागचं आधार ब्रॅकेट सोडलं. हेडच्या वर उभा असलेला कट-ऑफ सोलेनॉइड (चावी बंद केली की डिझेल तोडणारा व्हॉल्व्ह) काढला. खाली छोटा प्लंजर आणि स्प्रिंग असते, ती चुंबकाच्या काडीने उचलून डबीत ठेवली. हा निघाला की नवी रिंग चढवताना अडत नाही.

चार. हेडचे स्टार बोल्ट. आत डिझेल दाबणाऱ्या मुख्य प्लंजरच्या स्प्रिंगा हेडला मागे ढकलत असतात. समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्या जागी लांब एम६ स्टड आणि नट लावले, मग उरलेले बोल्ट. आता नट थोडे थोडे सोडत हेड सरळ मागे येतं.

पाच. मागे किती, तर ५ ते ६ मिमी. रिंगेची खाच दिसली की थांबायचं. हेड पूर्ण बाहेर आलं तर प्लंजरच्या तळाची शिम (मापाची पातळ चकती) आणि स्प्रिंगा जागा सोडतात. शिवाय ॲडजस्टरचा गोलाकार टोकाचा खुंटा ज्या स्लीव्हमध्ये अडकलेला असतो तिथून सुटू शकतो. तसंच जोडून बोल्ट आवळले तर आत काहीतरी मोडतं, आणि मोडलं नाही तर इंधनाच्या मापावर ताबा राहत नाही. ज्याला हे पाच-सहा मिलिमीटर जपता येतील याची खात्री नाही त्याने पंप टेबलावर उघडणाऱ्या माणसाकडे द्यावा.

सहा. जुनी रिंग पितळी आकड्याने काढली. पोलादी सुईने खाचेला ओरखडा पडतो आणि नवी रिंगही तिथेच गळते. रिंग तीन तुकड्यांत निघाली, खालच्या भागात चौकोनी झालेली, पावडरवर रेघ दिसली होती त्याच जागी. खाच पुसली, नव्या रिंगेला डिझेल लावून ती हेडच्या मागून ओढून खाचेत बसवली, पीळ पडला नाही हे आरशाने बघितलं.

सात. स्टडचे नट समोरासमोर, एका वेळी पाव फेरी. हेड हाताच्या जोराने सहज, सरळ आत गेलं पाहिजे. अडलं तर आवळायचं नाही, मागे घेऊन कारण शोधायचं. टेकल्यावर स्टड काढून मूळ बोल्ट, तिरक्या जोडीने, मॅन्युअलच्या टॉर्कवर. सोलेनॉइड नव्या रिंगेसह ४० न्यूटन मीटर.

आठ. इनलेट आणि रिटर्नच्या पोकळ बोल्टांना नवे वॉशर, २५ न्यूटन मीटर. हे दोन बोल्ट बाहेरून जुळे भाऊ, आतून वेगळे. रिटर्नच्या बोल्टाच्या डोक्यावर रोमन लिपीत 'आउट' कोरलेलं असतं आणि आत बारीक छिद्र असतं. पंपाच्या पोटातला दाब त्या छिद्रावर टिकतो. अदलाबदल झाली तर पंपाला डिझेल अपुरं मिळतं, दाब चढत नाही, टायमिंगही सरकत नाही. गाडी ओढत नाही म्हणून मग पंपच दोषी ठरतो.

क्वांटिटी ॲडजस्टर उघडला नाही. त्याचा सांधा कोरडा आहे, आणि तो केसभर सरकला तरी इंजेक्शनचं प्रमाण बदलतं. गळत नसेल तर केवळ किटमध्ये गॅस्केट आहे म्हणून तो सोडू नये. कधी उघडावा लागलाच तर आधी दोन्ही भागांवर बारीक रेघ कोरून ठेवावी.

१ डिसेंबर : हवा काढणे आणि सुरू करणे

कोरड्या पंपावर सेल्फ मारत बसायचं नाही. आतल्या भागांना वंगण डिझेलचंच असतं. रिटर्नच्या तोंडाला हातपंपाने ओढ लावली आणि इनलेटची नळी भरून रिटर्नला बुडबुड्याविना डिझेल येईपर्यंत खेचलं. इंजेक्टरकडचे चारही नट एक फेरी सैल, भोवती चिंधी. सेल्फ दहा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती. नटांपाशी डिझेल आलं, नट २५ वर आवळले, पुढच्या सेल्फला इंजिनाने घेतलं. सुरुवातीला धडधडलं, थोड्या वेळात एकसारखं झालं.

पंप उघडल्यानंतरच्या पहिल्या स्टार्टला एक माणूस चावीशी आणि एक हवेच्या पाइपाशी सपाट फळी घेऊन उभा असावा. इंजिन पळालं तर चावी बंद, तरीही थांबलं नाही तर फळीने हवा बंद.

गरम झाल्यावर ग्रुप ००१ : ४.४ मिलिग्रॅम. उघडण्याआधी ४.२ होतं, फरक नगण्य. टायमिंगचा आलेख पट्ट्याच्या मधोमध, पंप जागचा हलला नाही हे त्याने पक्कं झालं.

८ डिसेंबर : गळतीने आधीच केलेलं नुकसान

पंपाखालचा कूलंट पाइप डिझेलने फुगून मऊ झाला होता, दाबला की बोट रुततं. ईपीडीएम रबर कूलंटला उत्तम, डिझेलपुढे काही महिन्यांत हार मानतं. बदलला. घाटात हा पाइप फुटला असता तर हेड गॅस्केटचं बिल आलं असतं, आणि मूळ कारण असलेला ओ-रिंगचा तुकडा कुणाच्या लक्षातही आला नसता. अल्टरनेटर उतरवून धुतला, कार्बन ब्रश चिकट गाळाने अडकत होते, ते आणि रेग्युलेटर नवे. इंजिन माउंट ठीक.

थोडं डिझेल गळतंय, चालवून घेऊ, असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच : हे डिझेल रस्त्यावर सांडतं. पहिल्या पावसात वळणावर ते पाण्यावर तरंगतं आणि मागून येणारा दुचाकीवाला त्यावर घसरतो. गळकी गाडी रस्त्यावर आणूच नये.

२२ डिसेंबर : पडताळणी

पावडर परत मारली, शहरात आणि महामार्गावर चालवून बघितली. सांधा, निपल, नट सगळं कोरडं. रात्रभर पार्किंगमध्ये गाडीखाली ठेवलेला पांढरा पुठ्ठा स्वच्छ. सकाळी इनलेट नळीत हवा नाही, सेल्फ दीड-दोन सेकंद. टाकी काठोकाठ भरली तरी मागे वास नाही. आयडल प्रमाण ४.४ वर स्थिर.

बाकी कामं : वरच्या झाकणाचं गॅस्केट मूळचं आहे, ते कधीतरी गळेल, किटमधलं नवं जपून ठेवलंय. पुढचं शाफ्ट सीलही मूळचं. दर तेलबदलाला बेल्टचं वरचं कव्हर काढून वास आणि ओल बघायची. तिथे ओल दिसली तर पंप उतरवून टेबलावरच काम. त्या वेळी पंपाच्या पुलीचे तीन बोल्ट नवे घ्यायचे, २० न्यूटन मीटर अधिक पाव फेरी, ते एकदाच वापरायचे असतात. मधला २२ चा मोठा नट गाडीवर कधीही सोडायचा नाही. हबची जागा कारखान्यात जुळवलेली असते, ती सुटली की पंपाचं टायमिंग टेबलाशिवाय परत मिळत नाही. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलायचे, म्हणजे मजुरी एकदाच लागेल.